रात्री साडेदहाचा किराणा

मे महिन्यात यवतमाळच्या दत्त चौकात दुपारी दोनला जाऊन पाहा. पारा ४४-४५ अंशांच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अर्धी शटरं खाली आणि उरलेल्या दुकानांत मालक कुलरसमोर पेंगत बसलेले. त्याच चौकात रात्री नऊनंतर जा. गाडी लावायला जागा मिळत नाही. जेवणं आटोपून, कुठे कुठे जेवणाआधीच, घरंच्या घरं बाहेर पडलेली असतात. कोणी भाजी घेतं, कोणी बर्फगोळा, कोणी महिन्याचा किराणा.

आमच्या घराजवळ असंच एक किराणा दुकान आहे. सकाळी सातला उघडतं आणि रात्री साडेअकराच्या आधी क्वचितच बंद होतं. मालक पन्नाशीचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. औषध नियमित घेतात, चहात साखर घेत नाहीत, तरी शुगर काही आटोक्यात येत नाही. परवा सहज विचारलं, ‘‘भाऊ, रात्री जेवता किती वाजता?’’

‘‘बारा वाजतेच जी. शटर ओढल्याशिवाय घास उतरत नाई.’’

त्यांच्या शुगरची सगळी कारणं या एका उत्तरात नाहीत, हे उघड आहे. पण त्यातलं एक कारण नक्कीच असू शकतं. दुकान किती वाजता उघडावं आणि किती वाजता बंद व्हावं, हा प्रश्न आपण व्यापाराचा किंवा सोयीचा समजतो. गेल्या काही वर्षांतलं संशोधन पाहिलं तर तो आरोग्याचाही आहे. गिऱ्हाइकाच्याही आणि काउंटरमागे बसलेल्या माणसाच्याही.

रात्री बाजारात येतं कोण?

सगळेच हौसेने रात्री बाजारात येत नाहीत. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. अशा दिवसांत खरेदी सूर्यास्तानंतर ढकलणं हा शहाणपणाच आहे. आपले आजी-आजोबाही उन्हाळ्यात सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीनंतरच बाजार करत.

दुसरा मोठा वर्ग पाळीत काम करणाऱ्यांचा. वणी परिसरातल्या कोळसा खाणी तीन पाळ्यांत चालतात. दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्र निम्मी सरत आलेली असते. शासकीय रुग्णालयातल्या परिचारिका, पोलीस, महावितरणचे लाइनमन, पेट्रोल पंपावरची मुलं, मुक्कामी गाडी घेऊन येणारे एसटीचे चालक-वाहक, या सगळ्यांचा दिवस घड्याळाच्या नेहमीच्या काट्यांवर चालत नाही. त्यांना दूध, ब्रेड, तेलाची पिशवी हवी असते ती अशाच वेळी.

आणि तिसरा वर्ग शेतकऱ्यांचा. कृषिपंपांना थ्री फेज वीज अनेक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळत आली. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर हिवाळ्याच्या रात्री शेतात जागावं लागतं, सापाकिरड्याची भीती वेगळीच. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीसारख्या योजना आल्या त्या याच त्रासातून. म्हणजे ज्याला आपण ‘रात्रपाळी’ म्हणतो ती कारखान्यापुरती नाही. गावोगाव ती आहे, फक्त हजेरीपटावर नाही.

शरीरातलं घड्याळ

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. उजेड पाहून ते रोज आपली वेळ जुळवून घेतं. याशिवाय यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू यांच्या पेशींतही आपापली छोटी घड्याळं असतात आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. पेशींच्या आत हे घड्याळ कसं टिकटिकतं याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

रोजच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास रक्तात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढू लागतं. ‘आता रात्र झाली’ असा तो शरीराला निरोप असतो. डोळ्यांवर पांढऱ्या दिव्यांचा प्रखर उजेड पडत राहिला की हा निरोप उशिरा निघतो. दुकानातल्या लखलखीत एलईडीखाली रात्री अकरापर्यंत उभा राहणारा माणूस घरी जाऊन अंथरुणावर पडतो, पण डोळ्याला डोळा लागत नाही, याचं एक कारण हे.

मेलाटोनिन वाढलेलं असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं. त्यामुळे तेच अन्न रात्री खाल्लं तर साखर जास्त चढते. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता तेच जेवण दिलं. रात्रीच्या जेवणानंतरची रक्तशर्करा सकाळच्या तुलनेत १७ टक्के जास्त भरली. हे रात्री आठचं. आपले दुकानदार बारा वाजता जेवतात.

त्याच शहरातल्या आणखी एका अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, वजन जास्त असलेल्या १६ जणांना काही दिवस वेळेवर आणि काही दिवस सुमारे चार तास उशिरा जेवायला दिलं. अन्न तेच, उष्मांक तेवढेच. उशिरा जेवण्याच्या दिवसांत त्यांना भूक जास्त लागली, पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन कमी झालं आणि शरीराने ऊर्जाही कमी खर्च केली. माणसं थोडी आहेत, त्यामुळे यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. पण दिशा कळते.

आपल्याकडे याचं महत्त्व अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १५ टक्क्यांहून अधिक प्रौढ त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पिशवीत काय येतं?

थकून, जागून बाजारात गेलं की पिशवीत काय येतं, हाही संशोधनाचा विषय झाला आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात २०१३ मध्ये असा एक प्रयोग झाला. सामान्य वजनाच्या १४ तरुणांना एकदा रात्रभर झोपू दिलं आणि एकदा रात्रभर जागं ठेवलं. दोन्ही वेळा सकाळी सारखाच नाश्ता देऊन हातात ठरावीक रक्कम दिली आणि ४० पदार्थांच्या यादीतून खरेदी करायला सांगितलं. जागरणानंतर त्यांनी वजनाने १८ टक्के आणि उष्मांकाने ९ टक्के जास्त अन्न घेतलं. नाश्ता झालेला होता, म्हणजे फक्त रिकाम्या पोटाचा हा परिणाम नव्हता.

त्याआधी २००४ मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तातलं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. ओढ सर्वांत जास्त होती ती गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. रात्री अकराला आपला हात मुगाच्या डाळीऐवजी फरसाणाच्या पाकिटाकडे का जातो, ते यावरून समजावं.

इथे एक सावधगिरीचा शब्दही सांगायला हवा. ‘उपाशीपोटी बाजारात जाऊ नका, जास्त उष्मांकाचे पदार्थ घेतले जातात’ असं सांगणारा एक अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये गाजला होता. आजही मोबाइलवर त्याचे दाखले फिरतात. त्यातल्या आकडेवारीची खातरी न पटल्याने वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१८ मध्ये मागे घेतला. याचा अर्थ उपाशीपोटी खरेदी करणं चांगलं असा नाही. खाऊन जाणं हा साधा शहाणपणा आहेच. पण प्रत्येक आरोग्यसल्ल्यामागचा पुरावा सारखाच भक्कम नसतो, एवढं ध्यानात ठेवावं.

जगाच्या बाजारातली घड्याळं

दुकानं किती वेळ उघडी असावीत, यावर जगाचं एकमत नाही.

पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये दुकानं बंद करण्याचा कायदाच केला. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा आणि शनिवारी दुपारी दोन, मग शटर खाली. दुकानातल्या कामगाराला संध्याकाळ घरच्यांसोबत मिळावी हा त्यामागचा हेतू. १९८९ मध्ये गुरुवारी थोडी उशिरापर्यंत मुभा मिळाली, १९९६ मध्ये वेळ रात्री आठपर्यंत गेली आणि २००६ नंतर हा विषय तिथल्या राज्यांकडे आला. बर्लिनमध्ये आता दुकानं उशिरापर्यंत चालतात. बव्हेरियात मात्र सर्वसाधारणपणे आजही रात्री आठला व्यवहार थांबतो. रविवारी तर काही अपवाद सोडता देशभर सुट्टी, आणि त्या सुट्टीला संविधानाचं संरक्षण आहे. नोकरीनिमित्त म्युनिकला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच रविवारी घरात दूध नाही हे कळतं आणि मग शनिवारची यादी करायची सवय आपोआप लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी राहू शकतात. लहान दुकानांना हे बंधन नाही. मोठ्या दुकानांच्या स्पर्धेत कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला तेवढाच आधार मिळतो.

अमेरिकेत सेव्हन-इलेव्हन या साखळीला १९४६ मध्ये हे नाव मिळालं ते सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेमुळे. तेव्हा तीच मोठी अपूर्वाई होती. पुढे ही साखळी जपानला गेली, १९७४ मध्ये तोक्योत पहिलं दुकान निघालं आणि दुसऱ्याच वर्षी चोवीस तासांचा प्रयोग सुरू झाला. आज जपानमध्ये अशी पन्नास हजारांहून अधिक छोटी दुकानं आहेत. मध्यरात्री गरम जेवण, बिल भरणा, एटीएम सगळं तिथे मिळतं.

पण त्याच जपानमध्ये २०१९ मध्ये ओसाकाजवळच्या एका दुकानदाराने हात टेकले. पत्नीचं निधन झालेलं, रात्री काम करायला माणूस मिळेना. त्याने रात्री दुकान बंद ठेवायला सुरुवात केली आणि साखळीच्या मुख्य कंपनीशी त्याचा वाद देशभर गाजला. त्यानंतर कंपन्यांना रात्री बंद ठेवण्याची मुभा द्यावी लागली. दुसऱ्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगानेही बजावलं की, चोवीस तासांची सक्ती स्पर्धा कायद्याचा भंग ठरू शकते. अमेरिकेत वॉलमार्टने २०२० च्या करोनाकाळात चोवीस तासांची सेवा थांबवली, ती साथ ओसरल्यावरही परत सुरू केली नाही. रात्रभर दिवे जाळणं हीच प्रगती, असं आता सगळेच मानत नाहीत.

आपला कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९४८ चा दुकाने आणि आस्थापना कायदा दुकानांच्या वेळा ठरवत असे. त्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. या कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत काही भागांत रात्रभर मॉल, उपाहारगृहं उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने मद्यविक्री करणारी ठिकाणं वगळता इतर दुकानं चोवीस तास उघडी राहू शकतात, हे पुन्हा स्पष्ट केलं.

दुकान चोवीस तास, पण कामगार चोवीस तास नाही, असं या कायद्याचं सूत्र. २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट मोबदला, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कामगारांची संमती व सुरक्षितता या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली.

आता खरी मेख. हा कायदा मुळात १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात ती संख्या २० करण्यास मंजुरी मिळाली. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मालक, त्यांची पत्नी आणि शाळा सुटल्यावर काउंटरवर बसून गृहपाठ करणारा मुलगा, एवढीच माणसं. यवतमाळ, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा, बहुतेक किराणा दुकानं अशीच. मॉलमधल्या कामगाराला पाळी असते. या घराला पाळी नाही. सकाळी सात ते रात्री साडेअकरा, म्हणजे साडेसोळा तास तीच माणसं. त्यांना कोणी सक्ती करत नाही आणि म्हणूनच त्यांचे तास कोणी मोजतही नाही.

रात्रीच्या कामाचा प्रश्न मधुमेहापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘माणसात कर्करोगाचं संभाव्य कारण’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. रात्रपाळी केली की कर्करोग होतोच असा याचा अर्थ नाही. वर्षानुवर्षं शरीराच्या घड्याळाविरुद्ध जगण्याची किंमत असते, एवढं त्यातून घ्यायचं. दुकान अकराला बंद करणारा माणूस रात्रपाळीवाला नाही, हेही खरं. पण रोज एकला झोपून सहाला उठणाऱ्याची झोप पाच तासच होते, आणि ती वर्षानुवर्षं.

मग करायचं काय?

रात्री बाजारच करू नका, असं यवतमाळच्या उन्हाळ्यात कोणी सांगू नये. पण थोडे बदल शक्य आहेत.

गिऱ्हाईक म्हणून:

• यादी दुपारी, डोकं ताजं असताना करा. मोबाइलवरून दुकानदाराला पाठवली तर सामान बांधून तयार राहतं. यादीबाहेरची पाकिटंही कमी येतात आणि त्याचाही वेळ वाचतो.

• रात्री बाजारात जायचं असेल तर जेवून जा. परत येऊन अकराला जेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

• महिन्याचा मोठा किराणा शक्यतो सकाळी भरा. रात्री फक्त नड असेल ते आणा.

पाळीत काम करणाऱ्यांसाठी:

• मुख्य जेवण कामावर निघण्याआधी करा. मध्यरात्री भूक लागली तर थोडी भाकरी-भाजी, ताक, फुटाणे, एखादं फळ पुरे. बिस्किटं आणि पुन्हा पुन्हा गोड चहा टाळा.

• घरी आल्यावर खोलीत अंधार करून झोपा. मे महिन्यात पडदे आणि कुलर ही चैन नाही, गरज आहे.

• मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेत असाल तर पाळी बदलल्यावर गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

दुकानदारांसाठी:

• रात्रीचा डबा दुकानात मागवून आठ-साडेआठला जेवून घ्या. शटर नंतर ओढलं तरी चालेल, घास मात्र आधी उतरू द्या.

• शेवटच्या तासाभरात जेवढे दिवे लागतील तेवढेच ठेवा. घरी गेल्यावर हिशोब मोबाइलच्या पडद्यावर करत बसू नका.

• तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

शेवटचा उपाय एकट्याने होण्यासारखा नाही. मी आमच्या दुकानदारांना म्हटलं, ‘‘भाऊ, दहाला बंद करून पाहा ना.’’ ते हसले. ‘‘मी बंद केलं तं गिऱ्हाईक समोरच्याकडे जाते. समोरच्यानं बंद केलं तं माझ्याकडे येते. मग दोघंही जागतो.’’

अर्थशास्त्राच्या पुस्तकात या पेचावर प्रकरणं आहेत, त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. यातून सुटका एकत्र येऊनच होते. आपल्या गावांत व्यापारी संघटना आठवड्याचा बंद ठरवतात आणि सगळे पाळतात. तसंच एका गल्लीतल्या, एका पेठेतल्या दुकानदारांनी ठरवलं की, उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ, तर कोणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही. लागलं तर रोज एकाने पाळीपाळीने उशिरापर्यंत उघडं ठेवावं. औषधांची दुकानं काही शहरांत रात्रीसाठी असंच करतात. कोळसा खाणीतून परतणाऱ्याला दूधही मिळेल आणि बाकीच्यांना झोपही.

आणि आपण गिऱ्हाईक काही कमी जबाबदार नाही. काल रात्री साडेदहाला मी जिऱ्याची पुडी आणायला निघालो होतो. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. भाजीला जिऱ्याची फोडणी नसली तर एक रात्र भागतं. पुडी सकाळी आणली. दुकानात भाऊ नुकतीच अगरबत्ती लावत होते. म्हणाले, काल सव्वादहालाच बंद केलं, कोणी आलंच नाही.

जेवण किती वाजता झालं, ते मात्र मी या वेळी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.